भित्र्यांचे मास्तर

संघात एक तरी भित्रा माणूस हवाच, असं मानणारे प्रशिक्षक मला आयुष्यात एकच भेटले, आणि त्यांनी पहिल्याच दिवशी मला निवडलं.

कोलोनला पीएचडीसाठी येऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं. विद्यापीठाच्या खेळांच्या यादीत मी बॅडमिंटन शोधत होतो, तर बॅडमिंटनच्या जागा कधीच भरलेल्या. लॅबमधला एक जण म्हणाला, अमेरिकन फुटबॉलवाल्यांना पळणारी माणसं हवी आहेत, बघ जाऊन. जळगावला कॉलेजात मी शंभर मीटर पळत असे. कुत्रं मागे लागल्यावर माणसाला जी गती येते ती मला कुत्र्याशिवायही यायची, एवढंच माझं कौशल्य. मैदानावर पोचलो तेव्हा शंभर किलोचा एक मुलगा दुसऱ्या शंभर किलोच्या मुलाला उचलून आपटत होता आणि दोघंही हसत होते. मी परत फिरणार इतक्यात कडेला उभे असलेले एक म्हातारे गृहस्थ माझ्याकडे आले. स्वच्छ ऊन पडलेलं असताना त्यांच्या अंगात रेनकोट होता.

“आल्झो,” ते म्हणाले, म्हणजे ‘तर मग’, “तुला कशाची भीती वाटते?”

नाव नाही, गाव नाही, एकदम हेच. माझं जर्मन कच्चं होतं, त्यामुळे खोटं रचायला वेळ मिळाला नाही.

“सगळ्याची,” मी म्हणालो.

“गूट,” ते म्हणाले, म्हणजे छान. “मंगळवारी सहाला ये.”

बाकीचे सगळे त्यांना ‘ट्रेनर’ म्हणत आणि अरेतुरे करत. जर्मनीत खेळाच्या मैदानावर तशीच रीत आहे. पण सत्तरीच्या माणसाला अरेतुरे करायला माझी जीभ रेटेना. मी शेवटपर्यंत त्यांना अहोजाहो करत राहिलो आणि मनातल्या मनात मास्तर म्हणत राहिलो. माझं अहोजाहो ऐकलं की ते दचकून मागे बघायचे, मागे कोणी साहेब उभा आहे की काय म्हणून.

मास्तरांनी छत्तीस वर्षं कोलोनमध्ये ट्राम चालवली होती. लहानपण मानहाइमकडे अमेरिकन छावणीच्या कुंपणाशी गेलेलं, तिथे सैनिकांच्या पोरांमध्ये ते हा खेळ शिकले. पण त्यांचा खरा खेळ ट्रामच. मैदानावर उभे राहिले की डावा हात पोटासमोर धरलेला असायचा, समोर दांडा असल्यासारखा. आमचा कोणी चुकला की ते ओरडत नसत, फक्त तो हात हळूच मागे ओढत. तीन किलोमीटरपर्यंत एकही गाडी दिसत नसली तरी लाल दिव्यावर ते थांबत, आणि आपल्यामुळे मागचे वीस जण थांबलेत हे बघून त्यांना फार बरं वाटे. ट्राममध्ये प्रवासी म्हणून बसले की नेहमी उलट्या तोंडाने बसायचे. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, “पुढे बघितलं की माझा पाय आपोआप ब्रेक शोधतो. शेजारच्या बाईंच्या पायावर दोनदा पडलाय.”

त्यांच्या खिशात गुलाबफळाच्या चहाचा छोटा थर्मास असे. तो चहा लाल आणि आंबट, काढ्याचा मावसभाऊ. सामन्यात आमची दाणादाण उडाली की ते टोपण उघडून एक घोट घेत आणि शेजारच्याला देत. नाही म्हणायची सोय नव्हती. मला तर वाटतं, आमचा संघ बरेच सामने त्या चहाच्या भीतीने जिंकला.

आता त्यांचा नियम सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं. सामन्याआधी ड्रेसिंग रूममध्ये आम्ही बाकांवर बसलेलो असायचो. मास्तर एक छोटं स्टूल घेऊन येत, प्रत्येकासमोर ते टेकवत, बसत आणि विचारत, “आज कशाची भीती वाटते?” प्रत्येकाने एक खरी भीती सांगायची. कोणी म्हणे गुडघ्याची, कोणी म्हणे मैत्रिणीचे वडील बघायला आलेत त्यांची. एकाने एकदा सांगितलं, आई वारल्यापासून मला राष्ट्रगीत ऐकताना रडू येईल अशी भीती वाटते. मास्तर मान हलवत, “गूट” म्हणत आणि स्टूल पुढच्यासमोर सरकवत. जो म्हणेल, मला कशाचीच भीती वाटत नाही, तो त्या दिवशी खेळाबाहेर, बाकावर. वाद नाही, चर्चा नाही.

“ज्याला भीती वाटत नाही,” ते म्हणत, “त्याच्या ट्राममध्ये मी बसणार नाही. घाबरलेला माणूस ब्रेक वेळेवर लावतो.”

या नियमाने सगळ्यात जास्त हाल झाले ते जोनासचे. जोनास वीस वर्षांचा, शाळेत खेळाचा शिक्षक व्हायचं म्हणून शिकत होता. त्याला खरोखरच कशाची भीती वाटत नसे. पुलावरून ऱ्हाइनमध्ये उडी मारून आलेला पोरगा तो, आणि खोटं बोलायचं म्हटलं की कान लाल व्हायचे. मास्तर समोर बसले की तो बिचारा आठवून आठवून थकायचा. एकदा म्हणाला, “कोळ्यांची.” मास्तरांनी विचारलं, “मैदानावर कोळी आहेत?” आणि बसवला बाकावर. मी मात्र दर सामन्याला आत. आमच्या घराण्यात एवढा मान भीतीला कधी मिळाला नव्हता. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “पायाने खेळायचा ना फुटबॉल? मग हेल्मेट कशाला लागतं रे?” मी म्हणालो, इथे थंडी असते.

आमचं खरं वैर बॉनशी. अर्ध्या तासाच्या अंतरावरचं गाव, पण वर्षातून एकदा त्यांच्याशी सामना असला की लोक आठवडाभर आधीपासून जेवण सोडतात. ते म्हणतात, आम्ही देशाची राजधानी होतो. आम्ही म्हणतो, होतात. हे इतकं जुनं आहे की आता त्यावर कोणी हसतही नाही. त्या वर्षी तर हसायला कोणाला सुचतही नव्हतं, कारण बॉनकडे सात नंबरच्या जर्सीचा एक पोरगा आला होता.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. दर डावाच्या सुरुवातीला चेंडू एका माणसाच्या हातात येतो, त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. त्याने चेंडू लांब फेकायचा असतो. काही जण फेकण्याऐवजी स्वतःच चेंडू घेऊन पळतात. ज्याला एक जमतं त्याला दुसरं सहसा जमत नाही, त्यामुळे अडवणाऱ्यांचं काम चालून जातं. सात नंबरला दोन्ही जमायचं. वय एकोणीस. अंगावर धावून गेलं की तो डोक्यावरून चेंडू पन्नास यार्ड लांब फेकून देई, आणि मागे थांबलं की शेजारून निघून जाई. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्याच्या आधीच्या सामन्यांचे व्हिडिओ आम्ही पाहिले. एकात तर त्याने नुसती खांद्याची हालचाल केली आणि समोरचा धिप्पाड गडी, कोणी हातही न लावता, स्वतःच्याच पायात पाय अडकून पडला. सगळे हसले. मी हसलो नाही, कारण त्या पडलेल्या गड्याची जागा आमच्या संघात माझी होती.

त्या जागेचं काम असं: चेंडू विसरायचा, बाकी सगळे खेळाडू विसरायचे, फक्त क्वार्टरबॅकवर नजर ठेवायची. तो डावीकडे गेला की आपण डावीकडे, तो थांबला की आपण थांबायचं. मास्तरांनी माझ्यासाठी अंतर ठरवून दिलं होतं.

“चार पावलं,” ते म्हणाले. “ब्रेकचं अंतर. तीन पावलांवर गेलास की तो तुला फसवणार. पाचवर राहिलास की निसटणार. चार पावलांवर उभा राहा आणि घाबर.”

“किती वेळ?”

“तो घाबरेपर्यंत.”

मार्चमध्ये, बोटं गोठत होती तेव्हा, ते मला सरावाऐवजी एका गजबजलेल्या हाल्टेश्टेलवर घेऊन गेले. ट्रामचा थांबा, समोर बाजार, रूळ ओलांडणारी माणसं. मास्तरांनी मला खांबाशी उभं केलं आणि सांगितलं, प्रत्येक माणूस रुळावर पाऊल टाकणार की थांबणार ते आधी सांग. मी डोळ्यांकडे बघून सांगू लागलो आणि दहापैकी सात वेळा चुकलो. “डोळे खोटं बोलतात,” ते म्हणाले. “खांदेही बोलतात. मोबाइल तर बोलतोच. कंबर बघ. कंबर जिकडे, माणूस तिकडे.” एक तासाने मी बरोबर सांगू लागलो. एक आजीबाई पिशव्या घेऊन इकडेच बघत उभ्या होत्या, मी म्हणालो, जाणार. आणि त्या गेल्या. इतका आनंद मला माझा पहिला शोधनिबंध छापून आला तेव्हाही झाला नव्हता. शेवटी एक पोलीस येऊन, तुम्ही दोघं एक तास बायकांच्या कमरेकडे काय बघताय, असं विचारू लागला. मास्तरांनी त्याला चहा दिला आणि तो गेला.

परतताना मी त्यांना विचारलं, तुमच्या ट्रामखाली कधी कोणी आलं होतं का. विचारायला नको होतं. ते उलट्या तोंडाने बसलेले, मी सुलट्या, त्यामुळे आमचे चेहरे समोरासमोर होते.

“एकदा,” ते म्हणाले. “ती वाचली.”

मग ते त्यांच्या स्टॉपच्या दोन स्टॉप आधी उतरून गेले.

जून आला. सामना शनिवारी दुपारी, आमच्याच मैदानावर. त्या आठवड्यात मला जेवण जात नव्हतं. केतकीला, म्हणजे माझ्या बायकोला, तिसरा महिना होता. उलट्या तिला व्हायला हव्यात तर बाथरूममध्ये मी. ती दारातून म्हणाली, “अरे, नक्की कोण बाळंत होणार आहे? नको वाटत असेल तर जाऊ नकोस ना. मार खायला कोणी बोलावलंय का तुला?”

लोकांना सांगायला माझ्याकडे कारणं पुष्कळ होती. बाळ येणार आहे, थेसिस द्यायचा आहे, हात मोडला तर टाइप कोण करणार. सगळी खरी होती आणि त्यातलं एकही खरं कारण नव्हतं. मला सात नंबरची भीती वाटत होती. मार लागेल याची नाही. त्या व्हिडिओतल्या गड्यासारखा, हातही न लागता, केतकीसमोर आणि चारपाचशे लोकांसमोर मी पडेन याची. डोळे मिटले की त्याचा तो खांदा हलायचा.

शुक्रवारी मला एक गोष्ट सुचली, आणि सुचल्याबरोबर मला गाढ झोप लागली. मास्तरांना जाऊन सांगितलं असतं, मला फार भीती वाटते, मी खेळत नाही, तर ते म्हणाले असते, गूट, जा आत. आजारी आहे म्हटलं असतं तर त्यांनी कपाळाला हात लावून पाहिला असता. त्या संघातून बाहेर राहायची एकच वाट होती, आणि ती शूर माणसांची होती.

शनिवारी ड्रेसिंग रूममध्ये मास्तरांचं स्टूल सरकत सरकत माझ्यासमोर आलं. ते बसले. चहाचा वास आला.

“आज कशाची भीती वाटते?”

“कशाचीच नाही,” मी म्हणालो.

आजूबाजूच्यांनी माना वळवल्या. मागे कोणीतरी टाळीही वाजवली. मास्तर माझ्याकडे बघत राहिले, मग त्यांनी खाली बघितलं, मग परत माझ्याकडे.

“नाही?”

“नाही.”

त्यांनी “गूट” म्हटलं नाही. उठून स्टूल शेजारी बसलेल्या जोनाससमोर टेकवलं आणि तोच प्रश्न विचारला. जोनासचे कान लाल झाले नाहीत. तो म्हणाला, “मला भीती वाटते, तू मला आजही बसवशील.” सगळी खोली हसली. मास्तर हसले नाहीत. स्टुलावर बसून राहिले, डावा हात पोटासमोर धरून, जरा जास्तच वेळ. मग म्हणाले, “सातच्या मागे तू. चार पावलं.” जोनासने मला मिठी मारली. चिलखतासकट मारली, माझ्या बरगड्या दुखल्या.

पहिला अर्धा सामना जोनास वाघासारखा खेळला. मी बाकावर पाण्याच्या बाटल्यांशेजारी बसलो होतो आणि मला, कबूल करतो, हेवा वाटत होता. त्याने सात नंबरला दोनदा मागच्या मागे लोळवलं. लोक उभे राहून ओरडत होते. सात नंबर लगेच उठायचा, गवत झाडायचा आणि पुन्हा उभा. मी मात्र कंबर बघत होतो. सवय लागली होती. जोनास चार पावलांवर नव्हता. आधी तीनवर होता, मग दोनवर. प्रत्येक डावाला त्याला सात नंबर सापडत होता आणि प्रत्येक डावाला तो थोडा थोडा जवळ जात होता. मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांचा हात मागे ओढलेला होता, पार छातीला टेकलेला, पण ते काही बोलत नव्हते. आम्ही जिंकत होतो.

तिसऱ्या भागात सात नंबर चेंडू घेऊन उजवीकडे धावला, थांबला आणि फेकायला हात वर केला. जोनासने दोन्ही हात वर करून उडी मारली. त्याच क्षणी सात नंबरने हात खाली घेतला आणि आत वळला. जोनास एका पायावर उतरला आणि हवेतच वळायला गेला. कोणीही त्याला हात लावला नव्हता. बाकावर बसून मला आवाज ऐकू आला. पाव मोडतानाचा असतो तसा, कोरडा. आणि मग जोनास ओरडला.

सात नंबरसमोर मोकळं मैदान होतं. तो दहाएक पावलं पळाला, थांबला, चेंडू गवतावर ठेवला आणि परत आला. जोनासजवळ गुडघ्यावर बसून त्याने हेल्मेट काढलं. इतके दिवस मी ज्याला स्वप्नात बघत होतो त्याच्या गालावर मुरमं होती आणि तो रडायच्या बेतात होता. “मी लावला नाही हात,” तो सगळ्यांना सांगत होता. “मी नाही लावला.”

स्ट्रेचर गेल्यावर मास्तर बाकाशी आले. या वेळी स्टूल नव्हतं, ते उभेच होते.

“आता?” त्यांनी विचारलं.

“वाटते,” मी म्हणालो. “आधीपण वाटत होती.”

“जा आत.”

मी गेलो. चार पावलांवर उभा राहिलो. सात नंबर त्या दिवशी परत एकदाही पळाला नाही. प्रत्येक डावाला चेंडू मिळाला की तो जागच्या जागी थरथरायचा आणि कुठेतरी भिरकावून द्यायचा. आम्ही घाबरलेली दोन माणसं एकमेकांसमोर उभी होतो, आणि माझ्याकडे घाबरण्याचा सराव जास्त होता. आम्ही जिंकलो. पोरांनी मला खांद्यावर घेऊन मैदानाची चक्कर मारली. केतकी कडेला उभी राहून टाळ्या वाजवत होती. इतक्या उंचावरून मी आयुष्यात कधी तोंड लपवलं नव्हतं.

जोनासच्या गुडघ्यात काहीही धड राहिलं नव्हतं. दोन ऑपरेशनं झाली. चालता येईल, पण खेळाच्या शिक्षकाला ज्या प्रात्यक्षिक परीक्षा द्याव्या लागतात त्या आता विसर, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी क्रांकेनहाउसमध्ये, म्हणजे इस्पितळात, भेटायला गेलो तेव्हा तो उशीला टेकून भूगोलाचं पुस्तक वाचत होता. विषय बदलणार होता.

“ट्रेनर येऊन गेला,” तो म्हणाला. त्याचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. “म्हणाला, चूक माझी. तू खेळायला नको होतास हे मला माहीत होतं, तरी पाठवलं, मला जिंकायचं होतं. मी त्याला म्हटलं, परत येऊ नकोस.”

मी खुर्ची पलंगाजवळ ओढली.

“तो जगभर सगळ्यांना भीती विचारत फिरतो,” जोनास म्हणाला. “माझ्यात ती नाही हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं? त्याने मला थांबवायचं होतं.” मग त्याने माझा हात धरला. “पण तू. तू, सगळ्याला घाबरणारा माणूस, त्या दिवशी कसं काय म्हणालास, भीती नाही म्हणून? मला इथे पडल्या पडल्या तेच आठवतं. मला ते शिकायचंय.”

दार उघडं होतं. नर्स बाहेर ट्रॉली ढकलत होती. दोन वाक्यांचं काम होतं, आणि तोवर माझं जर्मन चांगलं झालेलं होतं.

“नव्हती वाटत त्या दिवशी,” मी म्हणालो. “होतं असं कधी कधी.”

मास्तरांना मी ट्राममध्ये गाठलं, पुढच्याच आठवड्यात. समोरासमोर बसलो. मी सांगितलं की मी खोटं बोललो होतो.

“माहीत आहे,” ते म्हणाले. “तुझ्या बुटांच्या नाड्या सुटलेल्या होत्या. खेळायला निघालेला माणूस आधी नाड्या बांधतो.”

“मग तुम्ही मला आत का नाही पाठवलंत?”

त्यांनी बाहेर बघितलं. ट्राम पुलावर होती.

“कारण मलाही त्या पोराची भीती वाटत होती,” ते म्हणाले. “छत्तीस वर्षांत मी एकदाही भीती सोडून गाडी काढली नाही. त्या दिवशी मला वाटलं, आज एक न घाबरणारा चालेल. एकच दिवस. आल्झो, स्टूल घेऊन सगळ्यांसमोर बसलो, स्वतःसमोर बसलो नाही.” मग ते माझ्याकडे वळले. “मी त्याला माझं सांगितलंय. तुझं सांगितलेलं नाही. ते तुझं आहे. तू सांग. घाई नाही.”

त्यानंतर मास्तर मैदानावर आले नाहीत. पोरं म्हणतात, म्हातारा थकला. नवा प्रशिक्षक आलाय, तो शिट्टी वाजवतो आणि कोणाला काही विचारत नाही. मी दुसऱ्या वर्षी खेळ सोडला.

मास्तरांकडे मी अधूनमधून रविवारी जातो. ते माझ्या नोकरीची चौकशी करतात, मुलीचे दात किती आले विचारतात, तो भयंकर चहा देतात. घरी प्रशिक्षणाचं काहीच दिसत नाही, एक शिट्टीसुद्धा नाही. ज्या माणसाने आयुष्यभर प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला तो मला कधी विचारत नाही की जोनासला सांगितलंस का. जिना चढताना दर वेळी वाटतं, आज विचारणार. ते सफरचंदाचा केक कापतात, मोठा तुकडा मला देतात आणि नुसते बसतात.

जोनास माझा इथला सगळ्यात जवळचा मित्र आहे. आमच्या मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला तो सगळ्यात आधी आला, लंगडत चार मजले चढून, खांद्यावर लाकडी घोडा घेऊन. मुलगी त्याच्याशी जर्मनमध्ये बोबडं बोलते आणि आम्हाला मराठीत काहीच उत्तर देत नाही. मास्तरांनाही मी बोलावलं होतं. बेल वाजली, केतकी खाली गेली आणि हातात केक घेऊन एकटीच वर आली.

“अरे, ते दारातच थांबले,” ती म्हणाली. “वरून हसण्याचा आवाज आला, तर विचारलं, जोनास आहे का? मी हो म्हटलं, तर केक माझ्या हातात दिला आणि गेलेसुद्धा. असं काय रे करतात? भांडण आहे का त्यांचं?”

“त्यांची ट्राम असेल,” मी म्हणालो.

जोनास जमिनीवर घोडा झाला होता, दुखरा पाय लांब करून, आणि माझी मुलगी त्याच्या पाठीवर होती. त्याने वर बघून विचारलं, कोण होतं? मी म्हणालो, शेजारी.

हे सगळं मी मराठीत लिहिलं आहे. केतकी वाचेल, आणि मग तिला कळेल. जोनासला मराठी येत नाही, आणि लिहायला बसलो तेव्हा ते मला पक्कं माहीत होतं.